'का' विचारू नका, कागद मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला माहिती अधिकारावरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण शेजारच्या चौकटीत 'नमुना अर्ज' म्हणून जे छापले आहे, ते वाचून राहवले नाही. 'आमच्या प्रभागातील रस्ता सहा महिन्यांत का उखडला? याला जबाबदार कोण? ठेकेदारावर कारवाई कधी करणार?' किती वाचकांनी ही चौकट कापून ठेवली असेल! महिन्याभराने त्यांच्या हाती एका ओळीचे उत्तर पडेल: 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.'

वाईट हे की ते उत्तर अपिलातही टिकते. कायद्यातली 'माहिती' म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख, म्हणजे नोंदी आणि कागदपत्रे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 सालीच सांगून टाकले आहे की, 'का' या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे खुलासा करणे, आणि तो या व्याख्येत येत नाही. नागरिकाचा प्रश्न रास्तच असतो, पण तो कागदाच्या नावाने मागावा लागतो.

त्याच रस्त्याचा अर्ज असा हवा होता: अमुक रस्त्याच्या, अमुक आर्थिक वर्षातील कामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, करारनाम्यातील दोषदायित्व कालावधीचे पान, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, गुणनियंत्रण चाचणी अहवाल आणि अदा केलेली देयके, यांच्या साक्षांकित प्रती. एवढेच. यातली मोजमाप पुस्तिका, म्हणजे कार्यालयात जिला सगळे 'एमबी' म्हणतात ती, सर्वांत महत्त्वाची. तिच्यात लांबी, रुंदी, थराची जाडी, मोजणीची तारीख आणि मोजणाऱ्या अभियंत्याची सही असते. अंदाजपत्रकात 50 मिलिमीटर, एमबीत 50, बिलातही 50. मग रस्त्याच्या उखडलेल्या कडेला पट्टी लावून पाहावी. 'जबाबदार कोण' याचे उत्तर त्या सहीत असते. दोषदायित्व कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचीही सोय झाली.

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे नियमांत दिलेल्या अर्जाच्या नमुन्यात, मराठीत, 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. तिकीट मिळत नसेल तर रोख भरा आणि पावती घ्या. आपल्या राज्याच्या 2012 च्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. रस्ता, गटार आणि पाणीपट्टी एकाच अर्जात कोंबली की पहिल्या विषयाचेच उत्तर येते आणि बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगतात. 'माहिती कशासाठी हवी?' असे कोणी विचारले तर कलम 6(2) दाखवा, कारण देण्याचे बंधन नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर 5 दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणे कलम 6(3) नुसार त्यांचे काम आहे. मात्र आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. उत्तर देण्याचे 30 दिवस त्या तारखेपासून मोजले जातात, आणि पुढचे सगळे त्यावरच उभे असते.

एक खाच लेखात आलीच नाही. प्रतींचे पानामागे 2 रुपये भरा, असे पत्र बऱ्याचदा 28व्या-29व्या दिवशी निघते. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून पत्र मिळाले की त्याच दिवशी भरणा करा. मुदत उलटून गेल्यावर पैसे मागितले तर मात्र भरू नका. कलम 7(6) नुसार ती माहिती विनामूल्य द्यावी लागते.

पानेच शेकड्यांनी असतील तर आधी फाइल पाहा. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरची आणि त्याखालची कार्यालये, तसेच स्थानिक स्वराज्य संस्था यांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहता येतात. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. फाइल चाळून हव्या त्या पानांवर खुणा करून तेवढ्याच प्रती मागितल्या तर पैसेही वाचतात आणि 'माहिती विस्तृत आहे' हे कारणही उरत नाही. इतकी उपयोगी सोय, आणि लेखात तिचा एका शब्दाने उल्लेख नाही!

दुसरी तक्रारही याच पत्रात करतो. नोव्हेंबर 2025 पासून, माहिती कधी नाकारता येते हे सांगणाऱ्या कलम 8(1) मधील वैयक्तिक माहितीचे कलम बदलले आहे, तरी लेखात जुनाच मजकूर आहे. 'संसदेला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही' हा परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, गेला. आता कागदावर कोणाचे नाव दिसले की अर्ज फेटाळायला वाव मिळतो. अशा वेळी अपिलात कलम 8(2) मधील व्यापक लोकहित आणि कलम 10 नुसार नाव झाकून उरलेला भाग देण्याची मागणी, दोन्ही लिहावे. हे वाचकांना कळायलाच हवे.

शेवटी, चौकटीत पहिल्या अपिलाचे शुल्क 10 रुपये छापले आहे. ते 20 रुपये आहे, जोडपत्र 'ब' वर कोर्ट फी तिकिटाने. कमी तिकीट लागले की अपील त्रुटीत निघते आणि अपिलाची 30 दिवसांची मुदत तोवर निघून जाते. कृपया उद्याच्याच अंकात, त्याच पानावर आणि त्याच आकारात दुरुस्ती छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा