पंधरा आकडे

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, रागावला असशील. तो हक्क आहे तुझा. इकडे सगळे ठीक, आईचा गुडघा तसाच. नवं घर लागलं का ते कळव. आता मूळ गोष्ट, जी दुसऱ्या कुणाला सांगितली तर हसतील.

दादाने आणि मी हाऊजीची तिकिटं घरी केली होती, आठवतं ना? कायमची वापरायची म्हणून जाड कागदावर, लॅमिनेट केलेली. कापताना चारी बाजूंनी प्लॅस्टिकची पट्टी सोडली, म्हणून अजून एकाचीही कड उसवलेली नाही. सहा माणसं, सहा तिकिटं. प्रत्येकावर १५ आकडे, म्हणजे १ ते ९० मधला प्रत्येक आकडा कुठल्या तरी एकाच तिकिटावर. एका ओळीत पाचच आकडे, नऊपैकी एकही रकाना रिकामा नको, हे सगळं जमवायला दादा दोन रात्री पेन्सिल-खोडरबर घेऊन बसला होता. पुकारलेला आकडा कुणाकडे तरी निघायचाच.

त्या भांडणाच्या रात्रीनंतर दादा येत नाही. परवा पाचच जण बसलो. मी ४७ पुकारला. कुणी हललं नाही. आई म्हणाली, "बघा रे नीट." मग ६२. पुन्हा तेच. (६२ वरून आठवलं, तुझं ते फुल हाऊस मी अजूनही मानत नाही. पुढचा आकडा पुकारून झाल्यावर ओरडलास तू!)

आईने उठून डब्यातून दादाचं तिकीट काढलं. डाव अर्धाच राहिला होता ना, त्याच्या मार्करच्या चार हिरव्या फुल्या तशाच होत्या, वाळून घट्ट झालेल्या. त्यावरून तोच मार्कर पुन्हा फिरवून लगेच पुसलं की निघतात, ही युक्ती आईचीच. तिने पुसलं नाही. तिकीट मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "पुकार पुढचा."

धाकटी म्हणते, पाच जणांसाठी नवा संच करू. कागद आणूनही ठेवलाय. पण माझा हात होत नाही रे. तो संच झाला की दादा येणार नाही हे आम्हीच लिहून दिल्यासारखं होईल. आणि जुनी तिकिटं काढली की दर पाच-सहा आकड्यांनी घर गप्प होतं, आई दाराकडे बघते. रोज रात्री हाच विचार.

तुझं तो ऐकतो. भांडणाचा विषय काढू नकोस, माझं नावही नको. तुझ्या पोरांना अशी तिकिटं हवीच आहेत, तर रकाने कसे जमवायचे ते त्याला विचार. समजावून सांगायला बसला की उठत नाही तो. मग हळूच विचार, त्याच्या तिकिटावर ४७ होता का.

तुझा,
विन्या