घाटात ताकद सोडणाऱ्या डिझेल इस्टेट गाडीबाबत तक्रार

फोंडा, गोवा
दि. 20 ऑक्टोबर 2009

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : भरलेली गाडी चढावर अचानक ताकद सोडते, तीन वेळा दुरुस्तीला देऊनही दोष कायम

महोदय,

तुमची डिझेल इस्टेट, म्हणजे मागे सामानासाठी लांब सपाट जागा असलेली गाडी, मी 8 डिसेंबर 2007 रोजी घेतली. आजवर ती 41 हजार किलोमीटरच्या वर चालली आहे. गेल्या तीन महिन्यांत ती अनमोड घाटात तीनदा बंद पडल्यासारखी झाली, तीनदा तुमच्या अधिकृत सेवाकेंद्रात गेली आणि तीनदा ‘चालवून पाहिली, ठीक आहे’ असा शेरा घेऊन परत आली. दोन वर्षांची वॉरंटी 7 डिसेंबरला संपते. त्याआधी तक्रार तुमच्या मुख्य कार्यालयात नोंदली जावी म्हणून हे पत्र रजिस्टर टपालाने पाठवत आहे.

ही गाडी मी का घेतली ते आधी सांगितले पाहिजे. तक्रारीचे मूळ तिथेच आहे.

आमची भजनी मंडळी आहे. चातुर्मासात आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम असतात. माशेल, म्हार्दोळ, वास्कोचा दामोदर सप्ताह, आणि दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम. पेटी, पखवाज, झांजा आणि दोन तंबोरे एवढे सामान, शिवाय आम्ही चौघे. पूर्वी भाड्याची जीप करायचो आणि वाद्ये टपावर ताडपत्रीखाली बांधायचो. अशाच एका प्रवासात एका तंबोऱ्याचा भोपळा तडकला. तो मिरजेहून माझ्या वडिलांनी आणलेला होता. त्यानंतर वाद्य टपावर ठेवायचे नाही असे मी ठरवले.

तंबोरा पाच फुटांच्या आसपास असतो. साध्या गाडीच्या डिकीत तो जात नाही, आणि उंच जीपमध्ये मागच्या आसनांच्या पाठी दुमडल्या तरी खाली पायरी राहते. तुमच्या शोरूममध्ये मी तंबोरा घेऊन आलो होतो. विक्री प्रतिनिधीने मागची अर्धी पाठ दुमडली, गाद्या अंथरल्या, दोन्ही तंबोरे आडवे ठेवले आणि उरलेल्या अर्ध्या आसनावर मी बसून पाहिले. त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरली. घरी नाराजी होती. इस्टेट प्रकार आपल्या लोकांना कधी फारसा रुचला नाही. 1992 मध्ये टाटांनी ‘इस्टेट’ याच नावाने गाडी आणली होती, तीही रस्त्यावर क्वचितच दिसायची. वाड्यावर लोक विचारायचे, ही ॲम्ब्युलन्स कशाला घेतली. मी त्यांना मागचे दार उघडून दाखवायचो. दाराचा उंबरा गुडघ्याच्या थोडा वर. आमचे पखवाजवादक आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना पखवाज छातीपर्यंत उचलावा लागत नाही, नुसता आत सरकवायचा. चवथीला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे, सगळे सामान, नारळाच्या पेंडीसकट, एका खेपेत येते.

आणि गाडी चालते उत्तम. हे मी तक्रारीच्या पत्रात मुद्दाम लिहितो आहे. सकाळी सुरू करताना डिझेलचा खडखडाट असतो, तो वाड्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत निवळतो. मिनिटाला 1,800 फेऱ्यांच्या खाली इंजिन थोडे सुस्त आहे, पण टर्बोने (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याने) एकदा धरले की चौथ्या गिअरवर गाडी भार विसरते. बोरीच्या पुलाकडे जाणाऱ्या वळणांवर जीपसारखी झुलत नाही, कारण सगळे वजन खाली बसलेले असते. रिकामी असताना मागचा भाग खड्ड्यांतून थोडा उडतो. चार माणसे आणि वाद्ये घेतली की तोच भाग शांत होतो आणि गाडी रस्त्याला धरून चालते. ती भार वाहण्यासाठीच जुळवली आहे, हे तेव्हा कळते. भरलेली असताना लिटरला सोळा किलोमीटर मिळतात. पावसात मागची काच मात्र फार लवकर मळते. सपाट पाठीच्या गाडीमागे चिखलाचे पाणी ओढले जाते, तेव्हा मागचा वायपर दिलात ते बरे केलेत.

आता 12 जुलैचा रविवार. तंबोऱ्यांची जवारी लावून, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवून, घेण्यासाठी आम्ही मिरजेला निघालो होतो. मोले सोडून घाट चढू लागलो. पाऊस होता. पुढे माल भरलेला दहाचाकी ट्रक, वेग माणसाच्या चालीचा. सरळ पट्टा आला, समोर मोकळे दिसले, ट्रकवाल्याने हात दाखवला. तिसऱ्या गिअरवर मी बाहेर काढली. ट्रकच्या अर्ध्यावर पोचलो आणि इंजिनातली ताकद गेली. झटका नाही, आवाज नाही, धूर नाही. पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी जिथल्या तिथे. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. वरच्या वळणावरून दुसरा ट्रक उतरताना दिसला. मागे घ्यावी तर मागून बस लागलेली. शेजारच्या ट्रकवाल्याने ब्रेक मारून मला आत घेतले म्हणून आज हे लिहितो आहे. आबा मागे तंबोऱ्याला हात धरून बसले होते. पुढचा अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत.

कडेला थांबवून इंजिन बंद केले, दोन मिनिटांनी सुरू केले. गाडी पूर्ववत. बेळगाव, मिरज, परत फोंडा, कुठेही तक्रार नाही. 16 ऑगस्टला बेळगावला जाताना तेच. 11 ऑक्टोबरला पुन्हा तेच. तिन्ही वेळा घाटाचा वरचा लांब चढ, तिन्ही वेळा गाडी भरलेली, तिन्ही वेळा बंद करून सुरू करताच ठीक.

सेवाकेंद्राने काय केले? पहिल्या खेपेस एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा भाग) बदलला, 6,840 रुपये. वॉरंटीत का नाही असे विचारले तर डिझेलमध्ये भेसळ असावी असे उत्तर मिळाले. डिझेलचा नमुना कोणी घेतला नव्हता. दुसऱ्या खेपेस डिझेल फिल्टर, 1,150 रुपये. तिसऱ्या खेपेस काहीच बदलले नाही. सल्लागार म्हणाले, ‘तुम्ही गाडीत वजन जास्त घालता.’

हे वाक्य मला फार लागले. त्या रात्री घरी येऊन मी आमची चौघांची वजने आणि सगळ्या वाद्यांची वजने कागदावर मांडली. गाद्यांसकट बेरीज 335 किलो. तुमच्याच मालक-पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा दीडशेहून अधिक किलोंनी कमी. सामान वाहणारी गाडी म्हणून जी विकली, ती सामान वाहते म्हणून ग्राहकाला दोष देणे योग्य नाही.

त्यानंतर मी तिन्ही जॉबकार्डे शेजारी ठेवली. गाडी आत घेतानाचे आणि परत देतानाचे किलोमीटर त्यांवर लिहिलेले असतात. पहिल्या वेळी फरक सात किलोमीटर, दुसऱ्या वेळी चार, तिसऱ्या वेळी दोन. म्हणजे गाडी फोंड्याच्या आसपास, सपाट रस्त्यावर, एकट्या माणसाने, रिकामी फिरवली. जो दोष फक्त भरलेल्या गाडीत आणि लांब चढावर येतो, तो तिथे कसा दिसणार? तो दिसला नाही, म्हणून तो नाही, असे तिन्ही वेळा लिहून दिले गेले. माझी मुख्य तक्रार हीच आहे. सुटे भाग महाग आहेत, पण त्याचे मला तितकेसे वाटत नाही. गाडी ज्या कामासाठी बनवली, ते काम करताना तिला कोणी पाहिलेच नाही.

मी मेकॅनिक नाही. फोंड्यात डिझेल पंपांची कामे करणारे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना मी लक्षणे सांगितली. त्यांचे म्हणणे असे : या टर्बोत एक्झॉस्टचा झोत कमी-जास्त करणारी हलती पाती असतात. काजळी बसून ती अडकू लागली, की लांब चढावर इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब ठरल्यापेक्षा जास्त चढतो. मग इंजिन वाचवण्यासाठी गाडीतला संगणक ताकद तोडतो, आणि चावी फिरवून पुन्हा सुरू केले की सोडतो. ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपला चीर असती तर धूर काळा पडला असता आणि फुसफुस ऐकू आली असती. आमच्या गाडीत दोन्ही नाही. त्यांचा अंदाज चुकीचाही असेल. पण संगणकाला हवा असलेला दाब आणि प्रत्यक्ष चढलेला दाब, हे दोन्ही आकडे तुमच्या तपासणी यंत्रावर गाडी चालू असतानाच शेजारी-शेजारी पाहता येतात, असे ते सांगतात. तीन खेपांत ते कोणी पाहिल्याची नोंद जॉबकार्डावर नाही. पिवळा दिवा लागला तेव्हा साठवलेला दोष-क्रमांक कोणता होता, तोही मला दिलेला नाही.

तेव्हा मागणी अशी. तुमच्या कंपनीचा प्रशिक्षित तंत्रज्ञ पाठवा. आम्ही चौघे वाद्यांसह गाडीत बसतो. वाद्ये नको असतील तर तेवढ्या वजनाची वाळूची पोती मी देतो. यंत्र जोडून मोल्यापासून अनमोडपर्यंत गाडी चढवा, लागल्यास दोन-तीनदा. फोंड्याहून निघून अर्ध्या दिवसात परत येता येते. जो दोष सापडेल तो वॉरंटीत दुरुस्त करा, आणि न तपासता लावलेल्या दोन भागांचे 7,990 रुपये परत करा. तपासणीचा निकाल लेखी हवा, दाबाच्या आकड्यांसह. हा दोष 12 जुलैपासून, म्हणजे वॉरंटीच्या काळात नोंदलेला आहे, हेही लेखी मान्य करा. काम डिसेंबरनंतर गेले तरी ते वॉरंटीतच धरले जावे.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 1986 प्रमाणे जिल्हा ग्राहक मंचाकडे अर्ज करावा लागेल. ती वेळ येऊ नये असे मनापासून वाटते, कारण मला ही गाडी विकायची नाही. तिच्या जागी घ्यावी अशी दुसरी गाडी मला सापडलेली नाही.

2 नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा आहे आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात बेळगावला आमचा कार्यक्रम ठरला आहे. तोवर दोष निघाला नाही तर आम्ही एसटीने जाऊ आणि तंबोरे घरी ठेवू. आबांना मी त्या घाटातून या गाडीत पुन्हा नेणार नाही.

तिन्ही जॉबकार्डे, दोन्ही बिले आणि वजनांच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. गाडीचा व चासीचा क्रमांक जॉबकार्डांवर आहे.

आपला ग्राहक,
(सही)
फोंडा, गोवा