बाबांच्या सीटी स्कॅनबद्दल

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "सोनोग्राफी झाली ना, मग आता सीटी कशाला?" मला तेव्हा रडू आवरेना, म्हणून आज लिहिते आहे. आई, बाबांना हे वाचून दाखव.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात शेवटून दुसरी ओळ बघ : गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही. ते जठराच्या मागे, पार पाठीच्या कण्याजवळ असतं. आतड्यात गॅस असला की सोनोग्राफीच्या लहरी तिथवर पोचत नाहीत. पित्तनलिका फुगली आहे, खाली काहीतरी अडलं आहे, एवढंच कळलं. कावीळ त्यामुळेच आहे. म्हणून ते झाडपाल्याचं औषध आता बंद कर, आई, माझी शपथ आहे.

सीटीच्या वेळी हाताच्या शिरेतून औषध सोडतील. अंग एकदम गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. बाबा, घाबरू नका, मिनिटभरात जातं. साधारण ४५ सेकंदांनी एकदा आणि ७० सेकंदांच्या आसपास पुन्हा स्कॅन होतो. पहिल्या वेळी स्वादुपिंड उजळतं आणि गाठ असली तर बहुधा काळपट उमटते. दुसऱ्या वेळी यकृत आणि शिरा स्पष्ट होतात.

डॉक्टरांना खरं बघायचंय ते शेजारच्या रक्तवाहिन्यांकडे. आतड्याला रक्त देणारी मोठी धमनी तिथूनच जाते. गाठ कॅन्सरची निघाली आणि तिच्यापासून सुटी असली, तर थेट ऑपरेशनचा विचार होतो. चिकटली असली तर बहुतेक वेळा आधी केमो. मधली चरबीची बारीकशी रेघ शाबूत आहे का, यावर सगळं ठरतं. ती रेघ सोनोग्राफीत कुठून दिसणार?

आणि हे स्टेंट, म्हणजे पित्तनलिका मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकायच्या आधीच व्हायला हवं. स्टेंटनंतर सूज येते, धातूचा असला तर चित्रात रेघा उमटतात, मग गाठीची कड ओळखणं अवघड होतं. म्हणून "पुढच्या आठवड्यात बघू" नको. तुकडा तपासायची वेळ आली तर तोंडातून दुर्बीण घालून करतील, ते नंतरचं.

क्रिएटिनिनची रक्ततपासणी उद्याच करून घ्या, किडनी ठीक आहे ना हे बघूनच सीटीचं ते शिरेतलं औषध देतात. शुगरची गोळी कोणती चालू आहे तेही तिथे सांगा. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. जुनी फिल्म कपाटात सपाट ठेव, आई, गुंडाळी करू नकोस.

तुमची,
सुमी