दुकान चालत नाही म्हणालास म्हणून

इचलकरंजी,
रविवार, दुपार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "डोळ्यांची तपासणी बिनचूक करतो, तरी चष्म्याचं दुकान चालत नाही." तेव्हा समोर पेशंट बसलेले होते, धड बोलता आलं नाही. आज दुकान बंद आहे, म्हणून निवांत लिहितोय.

तुझ्या हाताबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कॉलेजात तुझ्याइतकी साफ रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढणं) कुणाचीच नव्हती. पण माझीही पहिली तीन वर्षं अशीच गेली रे. नंबर काढण्यात मी इतका गुंतलेला असायचो, की समोरच्याला विचारायचंच राहून जायचं.

एका शिंपीकाकांचं सांगतो. वय ५२. त्यांना प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला चष्मा, करून दिला. दूरचा नंबर, जवळसाठी त्यात मिळवायची +२.०० ॲडिशन, पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर), काच बसवायची उंची, सगळं माझ्या हिशेबाने बरोबर. तिसऱ्या दिवशी काका आले, चष्मा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "पैसे राहू द्यात, पण हा मला नको." मी तोंडपाठ वाक्य म्हटलं, "पंधरा दिवस घाला, सवय होईल." ते काही न बोलता पायऱ्या उतरले. मला रात्रभर चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन त्यांच्या दुकानात गेलो, त्यांना मशीनवर बसवलं आणि डोळ्यापासून सुईपर्यंत अंतर मोजलं. ५५ सेंटिमीटर! मी तपासलं होतं ४० वर, हातात वाचायचा तक्ता देऊन. काका काही पेपर वाचायला आले नव्हते. सुई स्पष्ट दिसावी म्हणून बिचारे मान पुढे काढून मशीनवर वाकत होते आणि संध्याकाळी मान धरून बसत होते. मशीनसाठी +१.२५ ॲडिशन धरून साधा एकाच नंबरचा (सिंगल व्हिजन) चष्मा करून दिला, वर पैसे घेतले नाहीत. त्यानंतर त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या किती बायका माझ्याकडे आल्या, याची मोजदाद नाही.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला: "दिवसभर काम काय करता? वस्तू कुठं धरता, दाखवा बघू." माणूस हात पुढे करतो, मी टेप लावतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना जवळचा चष्मा देऊन केलेला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला होता. चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत त्यांनी रोज खुडलेल्या पानांच्या वजनातली वाढ २१.७ टक्क्यांनी जास्त भरली. काकांची मशीन पाहिल्यावर मला तो आकडा खऱ्या अर्थाने कळला.

दुसरी गोष्ट. तपासताना काचा बदलून "एक बरं की दोन?" असं विचारलं की लोक घाबरतात, हे तू पाहिलं असशील. आपण चुकीचं सांगितलं तर नंबर चुकेल, असं त्यांना वाटतं. मी सुरुवातीलाच सांगतो, "इथं पास-नापास नाही. दोन्ही सारखं वाटलं तर सारखं म्हणा, मला तेच हवंय." खांदे लगेच सैल पडतात आणि उत्तरंही नेमकी येतात.

गेल्या महिन्यात एक आई मुलीला घेऊन आल्या. मुलीचा नंबर -२.००. "चष्मा लावला की नंबर वाढतच जातो, नको," हे त्यांचं पालुपद. पूर्वी मी वाद घातला असता. या वेळी त्यांनाच ट्रायल फ्रेम (तपासणीच्या काचा बसवायची चौकट) घातली, दोन्ही डोळ्यांपुढे +२.०० ची काच लावली आणि समोरचा तक्ता बघायला सांगितलं. त्यांचे डोळे उत्तम होते. मिनिटभर गप्प राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "हिला फळा असा दिसतो?" नंतर मी एवढंच समजावलं, की वाढत्या वयात उंचीबरोबर डोळाही लांबतो म्हणून नंबर वाढतो, चष्म्यामुळे नाही. त्यांनी फ्रेम मुलीलाच निवडू दिली.

आता तुला आवडणार नाही असं एक. "मोफत तपासणी"ची पाटी उतरव. चार वर्षं शिकून, अर्धा तास खपून केलेल्या कामाचे पैसे मागायला आपल्याला लाज वाटते आणि मग सगळा भार फ्रेम विकण्यावर पडतो. मी फी लावली तेव्हा महिनाभर पोटात गोळा होता. काही लोक गेले, हे खरंच आहे. पण आता "तुमचा नंबर बदललेला नाही, जुनाच चष्मा वापरा" हे मी बिनधास्त सांगू शकतो, आणि ते ऐकलेला माणूस पुढच्या वर्षी घरच्या सगळ्यांना घेऊन येतो.

पेशंट हातचा जाईल म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायला कचरू नकोस. मधुमेह असलेल्या प्रत्येकाला डोळ्याचा पडदा तपासायला मी चिठ्ठी देतोच, आणि साखर वर-खाली होत असेल तर नंबर स्थिर होईपर्यंत चष्मा थांबवतो. आता तेच डॉक्टर चष्म्यासाठी लोक माझ्याकडे पाठवतात.

पुढच्या शनिवारी ये. सकाळी दहापासून माझ्या शेजारी स्टूल टाकून नुसता बस आणि ऐक. मग रविवारी तुझ्या दुकानात मी बसतो. वहिनींना नमस्कार, चिमुरडीला पापा. आणि तिचे डोळे अजून तपासले नसशील तर शनिवारी तिलाही घेऊन ये, आळशी डोळा (एका डोळ्याची नजर कमी राहणं) लहानपणीच सापडलेला बरा.

तुझाच,
जुना रूममेट