फिजिओची तारीख येईपर्यंत पायाचं काय करायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही पळणाऱ्यांचे फोटो छापले होते. पहाटेचा रस्ता, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, गळ्यात मेडल, तोंडभर हसू. फोटो झकास होते. त्यांतल्या काहीजणी माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येतात, आणि एकीला सध्या माझ्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना दाराची चौकट धरावी लागते. तिचा तसा फोटो छापा असं माझं म्हणणं नाही. पण पळताना दुखावलेल्या माणसानं फिजिओथेरपीचा नंबर लागेपर्यंतचे आठवडे कसे काढायचे, यावर आपल्याकडं कोणी चार ओळीही लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी मंगळवार पेठेत शिलाईकाम करते. पोरं मोठी झाली तशी रंकाळ्यावर चालायला लागले आणि चालता चालता पळायला. स्पर्धेबिर्धेचा नाद नाही, पण सकाळी संध्यामठाकडून वारं अंगावर आलं की दिवसभर मशीनवर पाठ दुखत नाही, हा अनुभव. या उन्हाळ्यात उजव्या पायाची, टाचेच्या वरची जाड नस, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारा दोर (डॉक्टर त्याला अकिलीस टेंडन म्हणतात), धरली. सकाळी अंथरुणातून उठलं की पहिली पावलं भिंतीला हात लावून टाकायची. जरा वावरलं की पाय सैल व्हायचा. पण तासभर मशीनवर बसून उठलं की पुन्हा तेच रडगाणं.

आता मशीनचं सांगते, कारण ते कुणी विचारलंच नाही. माझं मशीन पायडलचं. चवडा दाबला की टाच उचलते, टाच दाबली की चवडा उचलतो, आणि अस्तराच्या ब्लाऊजला बाह्या, गळपट्टी, हुकपट्टी धरून हे किती वेळा होतं ते शिवणाऱ्या बाईलाच ठाऊक. प्रत्येक टिपेला नस ताणायची, सैल सोडायची. "पळू नका" असं मला सांगितलं गेलं आणि मी पळले नाही. पण सकाळी नऊ ते रात्री आठ पायडल मारणं हे पळण्यात धरायचं का नाही?

सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी नस दाबून बघितली, एक्स-रे काढला, हाड चांगलं आहे म्हणाले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपी लिहून दिली. खिडकीवर तारीख मिळाली ती सव्वा महिन्यानंतरची. "तोवर काय करू?" असं विचारलं तर खिडकीतला माणूस माझ्याकडं बघतच राहिला. त्याचा तरी काय दोष, माझ्यामागं रांग जिन्यापर्यंत होती. खासगी फिजिओ गावात भरपूर आहेत आणि चांगलेही आहेत, पण एका वेळेची फी म्हणजे माझे दोन साधे ब्लाऊज, आणि एका वेळेत काही होत नसतं.

खरा गोंधळ तिथून पुढं. शेजारच्या काकी म्हणाल्या, वीट तापवून शेक घे. मोबाईलवर एकजण सांगतो बर्फ लाव, दुसरा सांगतो बर्फ अजिबात लावू नको. चुलतसासरे म्हणाले, तालमीत चल, वस्ताद तेल लावून असं चोळतील की संध्याकाळी पळत येशील. एकीनं महिनाभर खाटेवर पडून राहायला सांगितलं, म्हणजे माझं दुकान तिनंच चालवायचं. आणि रंकाळ्यावरचा एक गडी म्हणाला, "वैनी, सरळ इंजेक्शन मारून घ्या, दोन दिवसांत मोकळ्या." सगळी माणसं प्रेमानंच बोलत होती.

माझं नशीब असं, की माझ्या थोरल्या जावेची मुलगी फिजिओथेरपी शिकते. तिला फोन लावला. तिनं दुखतं कुठं हे विचारायच्या आधी व्हिडिओ चालू करायला लावला आणि म्हणाली, "काकी, आधी दुखऱ्या पायाच्या चवड्यावर एकटीनं उभी राहून दाखव बघू." दुखलं, पण राहिले. मग तिनं पोटरी सुजलीय का, रात्री झोपेतून दुखण्यानं जाग येते का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं विचारून घेतलं. गोळ्यांचं मला नवल वाटलं. लघवीच्या त्रासावर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या गोळ्या देतात, त्यांनी ही टाचेची नस दुखावू शकते, क्वचित तुटतेही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ साली या गोळ्यांवर त्यासाठी ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडं याच गोळ्या लोक जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणून खातात. आणि ज्या इंजेक्शननं मी दोन दिवसांत मोकळी होणार होते, ते स्टेरॉईडचं. या नसेत ते देणं डॉक्टर शक्यतो टाळतात, कारण दुखणं दबतं आणि नस कमजोर होऊन तुटायची भीती वाढते.

बर्फाबद्दलही तिनं गंमत सांगितली. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं, हा चार गोष्टींचा नियम १९७८ साली गेब मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मांडला आणि जगभर पाठ झाला. पुढं त्यांनी स्वतःच सांगितलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीनं बरं होणं उलट लांबू शकतं. दुखणं कमी वाटावं म्हणून थोडा वेळ लावला तर बिघडत नाही, एवढंच.

मला खरा उपयोग झाला तो पुढच्या गोष्टीचा. ही नस नुसता आराम दिल्यानं बरी होत नाही. वर्षभर कपाटात पडलेलं इलॅस्टिक जसं ओढल्यावर परत येत नाही, तसं तिचं होतं. तिला वजन पाहिजे, पण मोजून. म्हणून मी दुकानाच्या पायरीवर, शटरच्या पट्टीला हात लावून, दोन्ही चवड्यांवर उभी राहायला लागले. आधी नुसतं वर जाऊन थांबायचं, पाऊण मिनिट, पोटरी थरथरेपर्यंत. ते जमल्यावर दोन्ही पायांनी वर आणि दुखऱ्या एकट्या पायावर सावकाश खाली. घाईनं खाली आलं तर काही उपयोग नाही, मनात पाच अंक मोजायचे. माझं दुखणं हाडापासून दोन-तीन बोटं वर आहे, म्हणून मला टाच पायरीच्या खाली सोडायची परवानगी मिळाली. ज्यांना अगदी टाचेच्या हाडाला चिकटून दुखतं त्यांनी टाच खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं, नाहीतर नस हाडावर चेपते. दिसायला एवढासा फरक, पण तो सांगायला कुणीतरी पाहिजे. मोबाईलवरचा व्हिडिओ सगळ्यांना एकच सांगतो.

हा व्यायाम स्वीडनच्या हॉकन आल्फ्रेडसन या हाडांच्या डॉक्टरांनी १९९८ साली पुढं आणला. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. यामागची हकीकत अशी सांगतात, की डॉक्टर स्वतः पळणारे होते, त्यांचीच नस धरली, आणि त्यांचे वरिष्ठ ऑपरेशन करायला तयार होईनात. तेव्हा या गड्यानं ठरवलं, नस आणखी बिघडवू, मग झक मारत कापतील. म्हणून टाच खाली सोडण्याचा सपाटा लावला आणि नस बरी झाली! ऑपरेशन करायला कुणी तयार नव्हतं म्हणून उपाय सापडला, ही गोष्ट मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. अर्थात हा माणूस डॉक्टर होता, आपण आपला पाय मुद्दाम बिघडवायला जाऊ नये.

किती दुखलं तर चालेल, याचंही माप आहे. शून्य ते दहा धरलं तर चार-पाचापर्यंत दुखलं तरी चालतं, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आदल्या सकाळपेक्षा जास्त आखडलेला नसावा. आखडला तर काल जास्त झालं, आज कमी करायचं. स्वीडनमध्येच २००७ साली याच मापानं काही लोकांना व्यायामासोबत पळू दिलं आणि काहींना सुरुवातीचे दीड महिने पळणं बंद ठेवायला लावलं. पळणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. माझं म्हणाल तर मी चालते, मुलाची सायकल मारते, आणि सपाटीवर थोडं थोडं पळायला लागले आहे. पायडल आधी डाव्या पायावर नेलं, मग जुन्या बाजारातून मोटर आणून बसवली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुकानात कोल्हापुरी चप्पल सोडून टाचेखाली थोडी उंची असलेल्या मऊ चपला घातल्या. आपल्या चपलेचा घाट २०२५ साली मिलानच्या फॅशन शोपर्यंत पोचला, पण तळ सपाट आणि कडक, दुखऱ्या नसेला चार दिवस टाचेखाली थोडी उंची लागते. नवरात्रात अनवाणी राहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. देवी रागावत नाही.

तालमीच्या वस्तादांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. ताज्या दुखापतीवर खसाखसा चोळणं मला पटत नाही, पण पैलवानाचा खांदा गेला तर वस्ताद त्याला घरी झोपवत नाहीत, बैठका चालू ठेवतात. दवाखान्याच्या चिठ्ठीवरच्या "विश्रांती" या एका शब्दापेक्षा यात जास्त शहाणपण आहे.

आता मुद्द्याचं. मला हे सगळं कळलं ते पुतणी आहे म्हणून. रांगेत माझ्यामागं गांधीनगरच्या कापड दुकानात दिवसभर उभा राहणारा एक पोरगा होता. पोलीस भरतीसाठी पळतो, नडगी दुखते. त्याची पुतणी नाही. त्याला तारीख मिळाली माझ्याही नंतरची, आणि भरती त्याच्यासाठी थांबणार नाही. नडगीच्या हाडावर बोटाएवढ्या एकाच जागी दाबून दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती सुरुवातीला एक्स-रेत दिसतही नाही. अशा पोरानं माझ्यासारखा व्यायाम करत बसणं म्हणजे हाड मोडून घेणं. त्यानं तारखेची वाट न बघता परत डॉक्टर गाठायला पाहिजे. हे त्याला कोण सांगणार?

माझी मागणी मोठी नाही. जादा फिजिओ नेमा असंही मी म्हणेन, आणि नेमायलाच पाहिजेत, पण त्याला किती वर्षं लागतात ते आपल्याला माहीत आहे. तोवर तारखेच्या चिठ्ठीसोबत मराठीत छापलेला एक कागद द्या. वरच्या बाजूला, कधी तारखेची वाट बघत बसायचं नाही ते. टाचेमागं फाटकन आवाज होऊन कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी या. एकच पोटरी सुजून गरम झाली, तापासोबत सांधा लाल झाला, पायाला मुंग्या येऊन बळ जायला लागलं, हाडावर एका जागी ठणका लागला, तरी या. खाली टाच, गुडघा, नडगी, मांडी यांचं तारखेपर्यंत काय करायचं आणि काय नाही, चित्रासकट. कामाबद्दलही एक प्रश्न असू दे, दिवसभर उभं राहता का, पायडल मारता का, ओझं उचलता का.

यावर उत्तर येईल की कागद वाचून लोक घरच्या घरी उपचार करतील. साहेब, लोक आत्ताही करताहेत, विटेनं आणि व्हॉट्सॲपनं. आणखी एक, फिजिओथेरपी म्हणजे मशीनचा शेक, असं समजून तारखेला येणारे पुष्कळ आहेत. पाय महिनाभर हललाच नाही तर फिजिओची पहिली भेट "हलवा" एवढंच सांगण्यात जाते.

मॅरेथॉन भरवणाऱ्यांनाही विनंती आहे. मेडल छान असतं, पण एका वर्षी टी-शर्टचं कापड जरा हलकं घ्या, आणि शर्यतीनंतरचे काही रविवार सकाळी रंकाळ्यावर एक फिजिओ बसवा. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना शिक्षकांसोबत आणलंत तर त्यांचाही हात बसेल.

आणि तुम्हाला एक. दवाखाना हा कागद छापेपर्यंत तुमच्या पुरवणीत एखाद्या जाणकार फिजिओकडून तो लिहून घ्या. आम्ही शिलाईवाल्या मापाचं कटिंग तुमच्याच पेपरवर करतो, त्यामुळं तो माझ्या भिंतीवर लागेलच. फक्त अक्षर मोठं ठेवा, आणि मागच्या बाजूला जाहिरात टाका, म्हणजे कापताना शब्दकोडं वाया जाणार नाही. सासूबाई ते सोडवतात.

आपली नम्र,
एक शिलाईवाली, मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)