पूर्ण पैसे भरूनही क्रेडिट रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
क्रेडिट कार्ड विभाग

विषय: बंद झालेल्या कार्ड खात्याचं स्टेटस दुरुस्त करणे आणि वसुलीचे फोन थांबवणे

सर/मॅडम,

नोकरी गेल्यावर माझं कार्डचं बिल थकलं होतं आणि तुमच्या वसुली एजन्सीचा माणूस फोन करायचा. त्याने सेटलमेंटची ऑफर दिली, व्याज आणि दंड सोडतो, बाकीचं भरा आणि मोकळ्या व्हा. मी तेव्हाच विचारलं की रिपोर्टवर काय येणार, तर म्हणाला, "अहो मॅडम, रिपोर्टचं काय घेऊन बसलात, सूट मिळतेय ती घ्या ना." मी ती सूट घेतली नाही. सेटल्ड, म्हणजे काही रक्कम सोडून देऊन मिटवलेलं खातं, असा शेरा लागला की पुढे लोन देणारा प्रत्येक जण समजतो की बाईने बँकेचे पैसे बुडवले, हे मला माहीत होतं, म्हणून हातात पैसे कमी असतानाही मी सगळी थकबाकी भरायचं ठरवलं. आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र मागितलं, पैसेही एजंटने पाठवलेल्या यूपीआयवर न टाकता थेट कार्डच्या खात्यात भरले. पत्रात तुम्हीच लिहिलंय, 'संपूर्ण थकबाकी भरल्यावर खाते क्लोज्ड म्हणून कळवले जाईल.'

आणि आता रिपोर्ट काढला तर त्यात सेटल्ड! एवढी घासाघीस करून, सूट नाकारून, शेवटी पदरात तेच पडणार असेल तर मी पूर्ण पैसे कशासाठी भरले?

क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट कंपनीकडे डिस्प्युट (चुकीच्या नोंदीची तक्रार) टाकला तर उत्तर आलं की बँकेने कन्फर्म केल्याशिवाय आम्हाला काही बदलता येत नाही, आणि तुमचं कस्टमर केअर म्हणतं रिपोर्ट आमच्या हातात नाही. असं कसं? माहिती तुम्हीच पाठवता ना. थकलेल्या महिन्यांची नोंद पुसा असं मी म्हणतच नाहीये, ती खरी आहे, राहू द्या. मला फक्त शेवटचं स्टेटस खरं हवंय.

त्यात आता दुसऱ्याच एजन्सीचे फोन सुरू झालेत, उरलेली रक्कम भरा म्हणून. कुठली उरलेली? रात्री साडेनऊला फोन येतो, एकदा तर माझ्या भावाला केला, जो गॅरंटरही नाही. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, घरच्यांना त्रास द्यायचा नाही हे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगितलंय, आणि एजंट जे करतो त्याची जबाबदारी बँकेचीच असते, त्यामुळे एजन्सीशी बोला असं मला सांगू नका.

पत्र, पैसे भरल्याची पावती, रिपोर्टचं ते पान आणि कॉलचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. चारही क्रेडिट कंपन्यांकडे खातं क्लोज्ड आणि बाकी शून्य अशी दुरुस्ती पाठवा, नो ड्यूज सर्टिफिकेट द्या आणि माझा नंबर वसुलीच्या यादीतून काढा. दुरुस्ती पाठवायला तुम्हाला २१ दिवस आहेत, आणि ३० दिवसांत तक्रार सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे, ती मी मागणार. उत्तर आलं नाही तर हीच सगळी कागदपत्रं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातील.

उत्तर ईमेलवरच द्या, फोनवरचं तोंडी आश्वासन आता नको.

आपली,
कार्डधारक