खुलासा न देणारी नाटके

महोदय,

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पाश्चात्त्य रंगभूमीवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. वास्तववादी नाटक समाजाला भिडते आणि ॲब्सर्ड नाटक, म्हणजे तर्काची चौकट मोडून असंबद्ध वाटणारे, समाजाकडे पाठ फिरवते, असा त्याचा एकंदर सूर. हा आरोप जुनाच आहे. १९५८ साली लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये समीक्षक केनेथ टायननने ॲब्सर्ड नाटककार आयनेस्कोवर हाच ठपका ठेवला आणि आयनेस्कोने त्याच वृत्तपत्रात त्याला उत्तरही दिले. दोन वर्षांनी आयनेस्कोचे ‘ऱ्हायनोसेरॉस’ हे नाटक लंडनला आले. गावातली भली माणसे एकामागून एक गेंडा होत जातात आणि उरलेल्यांना त्यात हळूहळू काही वावगे वाटेनासे होते. रुमानियात आपल्याच ओळखीची माणसे फॅसिस्टांच्या कळपात सामील होताना या लेखकाने पाहिली होती. याला पाठ फिरवणे म्हणायचे?

शिवाय ही दोन घराणी लेखात दाखवली आहेत तशी एकमेकांपासून फटकून नव्हती. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने मे १९५६ मध्ये ऑस्बर्नचे ‘लुक बॅक इन अँगर’ हे वास्तववादी नाटक केले. पुढच्याच एप्रिलमध्ये ॲब्सर्ड नाटककार बेकेटच्या ‘एंडगेम’चा जगातला पहिला प्रयोग त्याच रंगमंचावर झाला, तोही फ्रेंचमध्ये!

मला फरक दिसतो तो खुलाशात. आर्थर मिलरचे वास्तववादी ‘ऑल माय सन्स’ (१९४७) घ्या. कारखानदार जो केलर तडे गेलेले इंजिनाचे भाग लष्कराला पाठवू देतो, २१ वैमानिक मरतात, भागीदार तुरुंगात जातो आणि हा सुटतो. शेवटच्या अंकात बेपत्ता मुलाचे पत्र बाहेर येते आणि सगळा हिशेब चुकता होतो. घरी जाताना प्रेक्षकाला विचारण्यासारखे काही उरत नाही.

आता ॲब्सर्ड म्हणून ओळखले जाणारे पिंटरचे ‘द बर्थडे पार्टी’ (१९५८). समुद्रकाठच्या गावातले एक साधे घर, भाडेकरू ठेवणारे. मेग नवऱ्यापुढे कॉर्नफ्लेक्स ठेवते, चांगले आहेत ना म्हणून विचारते. तो पेपर वाचता वाचता ‘छान आहेत’ म्हणतो. याहून अस्सल वास्तव कुठल्या दिवाणखानी नाटकात आहे? मग दोन अनोळखी माणसे येतात, भाडेकरू स्टॅनलीवर प्रश्नांची सरबत्ती करून त्याला पार मोडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नीटनेटके कपडे घालून मोटारीतून घेऊन जातात. त्यांना पाठवले कोणी, त्याचा गुन्हा काय, हे शेवटपर्यंत कळत नाही. बहुतेक समीक्षकांनी झोडपले आणि लंडनमध्ये आठवडाभरात नाटकाचा गाशा गुंडाळला गेला. पण दारावर थाप पडते आणि घरातला माणूस नाहीसा होतो, हा अनुभव तेव्हाच्या युरोपात ताजा होता. थाप मारणारे कारण सांगत बसत नसत. मिलरचे ते पत्र पिंटरच्या तिसऱ्या अंकात आले असते तर सगळे नाटकच खोटे पडले असते.

बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’तली भूकही खरीच आहे. व्लादिमिर भुकेल्या सोबत्यासाठी खिशातून आधी सलगम काढतो, मग गाजर. मूळ फ्रेंच संहितेत तर फ्रान्समधल्या रूसियों गावच्या द्राक्षतोडणीचा उल्लेख येतो. नाझींविरुद्धच्या गुप्त कामात साथीदार पकडले गेले, तेव्हा १९४२ मध्ये बेकेटने याच गावात आश्रय घेतला होता.

उलट मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मध्ये विली लोमन भूतकाळात शिरला की पात्रे घराच्या भिंती ओलांडून खुशाल चालू लागतात. या नाटकाला लेखात शुद्ध वास्तववादी कसे ठरवले, कोण जाणे.

एक मुद्दा मात्र मान्य. खुलासा न देण्याची मुभा आळशी लेखकाच्या पथ्यावर पडते. दोन माणसे, एक खुर्ची आणि अर्धवट वाक्ये एवढ्या भांडवलावरच्या एकांकिका स्पर्धांत आपण सगळ्यांनीच सोसल्या आहेत. अर्थात सोफा, टीपॉय आणि अखेरीस बापाचा पश्चात्ताप, हीही मेहनत काही फार नव्हे.

पुढचा लेख मराठी नाटकावर असल्याचे म्हटले आहे. त्यात सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ (१९७४) कोणत्या रकान्यात जाते, याची उत्सुकता आहे. मेलेले भाऊराव उठून कीर्तन करतात, हे अशक्यच. पण मला जुन्याच स्मशानात जाळा हा त्यांचा हट्ट आणि चाळकऱ्यांची लगबग मात्र थेट आपल्या जिन्यातली आहे.

– एक नाट्यप्रेमी वाचक, डोंबिवली